इल्या, तू कापलेलं कडवं

इल्या, तुझ्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स मीच केला. दुसरं कोण करणार? कऱ्हाडजवळच्या आपल्या मलकापुरात फ्लेक्सची दुकानं आता चिकार झालीत, पण तुझा मेव्हणा सरळ माझ्याकडेच आला. हातात वहीचं पान, डोळे सुजलेले. म्हणाला, "हणमंतराव, तुमच्याबिगर कुणाकडं जायाचं?" मी पान घेतलं. वर तुझं नाव होतं, खाली शोकाकुल मंडळींची यादी, आणि मधे एक ओळ: गीतकार, संगीतकार, गायक.

संगीतकार तू होतास. गायक तर होतासच, तुझ्यासारखा गळा मी लोणंदपासून सांगलीपर्यंत ऐकला नाही. पण त्या पहिल्या शब्दावर माझा हात अडला. आमच्या धंद्यात एक नियम आहे, गिऱ्हाईक देईल ते छापायचं. एखादा स्वतःला सम्राट म्हणवून घेतो, आम्ही सम्राट छापतो. आठवीत शाळा सोडलेला शिक्षणमहर्षी होतो, आम्ही तेही छापतो. तसंच तुला छापलं. गीतकार. पिवळी अक्षरं, लाल कड. मेव्हण्यानं बघून मान डोलवली आणि रडायला लागला. मीही रडलो. त्याला वाटलं, दोघं एकाच कारणासाठी रडतोय.

फ्लेक्स अजून चौकात आहे. दुकानात येता-जाता रोज दोनदा तुझ्या खालून जातो. तू हसतोयस. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी वाईट बोलणार नाही, पण भांडणार आहे. आपलं भांडण अर्धं राहिलंय, आणि अर्ध्या भांडणातून उठून जायची तुझी खोड जुनी आहे.

आबा शाहिरांपासून सुरुवात करतो, कारण तिथं तू माझ्या शेजारीच बसला होतास. लोणंदच्या अलीकडच्या आपल्या गावात म्हातारा गोठ्यातच बसलेला असायचा. मला शब्द शिकवले, तुला चाली. फी म्हणून गोठा झाडायचा. शेण तू काढायचास आणि वैरण मी टाकायचो, कारण तुझ्या मते कवीचे हात स्वच्छ पाहिजेत. तेव्हा असं म्हणायचास.

म्हातारा एकदा म्हशीच्या दाव्याला हात लावून म्हणाला, "गानं म्हंजी जनावर हाय रं पोरांनू. शेवटच्या कडव्यात आपलं नाव बांधायचं. नाव बांधलं की ते दावणीला लागलं. मग चार गावं चरून येऊ दे, कुणाचं हाय ते कुणाला इचारावं लागत न्हाई." मग तुझ्याकडं वळला. "आन् इलाशा, तू गानारा. वेळ न्हाई मिळाला तर मधलं कडवं गाळ. नावाचं कडवं गाळायचं न्हाई. दुसऱ्याचं दावं सोडनाऱ्याला आमच्यात चोर म्हनत्यात." तू त्यांच्या पायाला हात लावून "व्हय आबा" म्हणालास. मी तिथं होतो, इल्या. म्हैसपण होती.

मी ते खरं मानून चाललो. जग करारनामे करतं, नोंदणी करतं, सह्या घेतं. मी शेवटच्या कडव्यात "हणमंत" घातलं आणि निर्धास्त राहिलो. जत्रेची गाणी लिहिली, हळदीची लिहिली, उमेदवारांची लिहिली. एकाच निवडणुकीत एकमेकांविरुद्ध उभ्या असलेल्या दोघांची लिहिली, आणि दोन्ही गाण्यांच्या शेवटी माझं नाव होतं. तू दोन्ही गायलास. लोकांनी दोघांनाही पाडलं, पण गाणी चालली.

म्हसवडच्या त्या बैलाचं गाणं आठवतं? बैल शर्यतीतला, नाव राजा. मालकानं गाणं ऐकलं, खूश झाला आणि शेवटच्या कडव्याला ताडकन उठला. "बैलाच्या गान्यात ह्यो हनमंत कोन? बैलाच्या बापाचं नाव घाला." पाच-सहा माणसं हसली. मी म्हणालो, जाऊ दे, काढू. आपण नवे होतो, दारात कुणी उभं करत नव्हतं, आणि मला गाणं हवं होतं. पण तू पेटी मिटलीस. म्हणालास, "मालक, बैल तुमचा हाय. गानं ह्याचं हाय. नाव निघालं तर मी गात न्हाई." मालक तुझ्याकडं बघत राहिला, मग बैलाकडं. मग म्हणाला, "बरं, ऱ्हाऊ दे." परतीच्या एसटीत तुझं तिकीट मी काढलं. त्या दिवसाचे आभार मी कधी मानले नाहीत. आज मानतो. पुढचं सगळं बोलून झालं तरी ते आभार तसेच राहतील, ते मी परत घेणार नाही.

आता आईच्या गाण्याकडं येतो.

ते गाणं कशाचं होतं हे तुला सांगायला नको, पण हे वाचणाऱ्या लोकांना सांगतो. माझे वडील फौजेत होते. सुट्टीवर यायचे तेव्हा आई मला काखेत मारून लोणंद स्टेशनला जायची. तिला वाचता येत नव्हतं. पण वडिलांच्या काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात त्यांचं नाव आणि नंबर होता, आणि त्या नावाचा आकार तिला पाठ होता. गाडी थांबली की ती माणसांची तोंडं बघत नसे, ट्रंका बघत असे. एका वर्षी वडील सांगितलेल्या दिवशी आले नाहीत. आई लागोपाठ तीन दिवस भाकरी बांधून स्टेशनला गेली. चौथ्या दिवशी ट्रंक उतरली. एवढंच. यात कथा म्हणावी असं काही नाही. पण मी ते तीस वर्षं पोटात ठेवलं होतं, आणि एका सकाळी दुकान उघडायच्या आधी अर्ध्या तासात लिहून काढलं.

*गाडी थांबली लोणंदा, उतरला सारा गाव,*
*काळ्या ट्रंकंवरी आई शोधी बापाचं नाव.*

तू ते पहिल्यांदा आमच्या स्वयंपाकघरात म्हटलंस. आई भाकरी थापत होती. तुझी आई तू दुसरीत असताना गेली, तेव्हापासून तुझी एक भाकरी आमच्याकडं ठरलेलीच. तू गायला लागलास आणि आईचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपली. शेवटच्या कडव्यापर्यंत तिनं ती उलटली नाही.

*अक्षर कळंना तिला, तरी वळखी ती खूण,*
*हणमंत तिचा लेक सांगे फलाटावरून.*

आई म्हणाली, "करपली बघ. ही मीच खाते." आणि पदर डोळ्याला लावला. तू मला म्हणालास, "गड्या, हे आपलं गानं हाय." तो "आपलं" मी तेव्हा नीट ऐकायला हवा होता.

सांगलीच्या स्टुडिओत तारीख मिळाली, तेव्हा माझ्याकडं निवडणुकीचा हंगाम होता. दिवसाला चाळीस फ्लेक्स. तू म्हणालास, "पान दे, वाचून गातो. तू काम कर." मी वहीतलं पान टरकावून दिलं. नक्कल काढली नाही, फोटो काढला नाही. ज्याच्या दुकानात तीन प्रिंटर आहेत, त्यानं आपल्या गाण्याची एक प्रत काढली नाही. हे कुणाला सांगितलं तर हसतात. पण मला कशाला प्रत लागणार होती? माझं नाव आत बांधलेलं होतं. आणि घेऊन जाणारा तू होतास.

गाणं मी पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर ऐकलं. तो वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी थांबला होता आणि वेळ जात नाही म्हणून लावलं होतं त्यानं. तू काय गायला होतास, इल्या. मी माउस सोडून उभा राहिलो. दुसरं कडवं गेलं, तिसरं गेलं, मी शेवटच्याची वाट बघत होतो. बासरी वाजली आणि गाणं थांबलं. मला वाटलं नेट गेलं. मी विचारलं, "फुडं?" तो म्हणाला, "संपलं की." मग मी त्याच्या हातातनं मोबाइल घेऊन खालचं वाचलं. गीत, संगीत, स्वर: तिन्ही ठिकाणी तू. त्या माणसाचा वाढदिवस मी त्या दिवशी चुकीच्या तारखेला छापला.

फोन केला तर तू हसत होतास. "आरं, तीन मिनटांत बसवायचं व्हतं. शेवटचं कडवं कोन आयकतंय आता?" मी म्हणालो, आबांनी काय सांगितलं होतं? मधलं गाळ. तू म्हणालास, "मधलं लय भारी झालं व्हतं रं." बरं, मग खाली नाव तरी घाल. "घालतो की. त्यांची चूक झाली. सांगतो त्यास्नी." चार महिने तू सांगत होतास. चार महिन्यांत ते गाणं हळदीत वाजलं, वरातीत वाजलं, पलटणीतून सुट्टीवर आलेल्या पोरांनी स्टेशनवर उतरताना त्याचे व्हिडिओ केले. लोणंद स्टेशनवर लोक काळ्या ट्रंका घेऊन फोटो काढायला लागले. माझ्या आईचा फलाट, आणि मला तिथं कुणी ओळखत नव्हतं.

तरीही मी धरून होतो. म्हटलं, नावच ना, आज ना उद्या घालेल. मग तुझी ती मुलाखत आली. आई मेथी निवडत होती, मी मोबाइल तिच्यासमोर धरला, कारण काही झालं तरी तू आमच्या घरातला. समोरच्या बाईनं विचारलं, हे गाणं कसं सुचलं? तू मान खाली घातलीस आणि म्हणालास, "माझ्या आईवर लिहिलंय. ती अशीच स्टेशनवर उभी राहायची."

तुझे वडील गवंडी होते, इल्या. कधी लोणंदच्या पुढं गेले नाहीत.

आईनं मेथीची काडी मोडली. म्हणाली, "मी हाय की आजून. ह्याची कवा झाले?" मग तीच म्हणाली, "त्याला आय न्हाई. घेतली आसंल माझी. घेऊ दे." आईचं ठीक आहे. तिला वाटून घेता येतं, तिनं दोघांना एका ताटात जेवू घातलंय. पण मला तेव्हा कळलं तू ते कडवं का कापलंस. तीन मिनिटांसाठी नाही. "हणमंत तिचा लेक" ही ओळ गाण्यात राहिली असती, तर तुला ती आई घेता आली नसती. नुसतं दावं कापलं असतंस तर मी म्हटलं असतं, चोर आहे. तू मला माझ्या आईपासून तोडून तिथं स्वतः उभा राहिलास. त्याला काय म्हणतात ते आबांनी शिकवलं नव्हतं.

साताऱ्याला वकिलाकडं गेलो, हे तुला माहीत होतं, पण तिथं काय झालं ते माहीत नव्हतं. वकील भला माणूस. म्हणाला, लिहिलं त्या क्षणी गाणं तुमचं झालं, कायदा तुमच्या बाजूनं आहे. पण तुम्हीच लिहिलंत हे दाखवायला काय आहे? नोंदणी? नाही. करार? नाही. हस्तलिखित? त्याच्याकडं. त्याला पाठवलेला एखादा मेसेज? आम्ही समोरासमोर बसून गाणी करतो. मग मी म्हणालो, साहेब, शेवटच्या कडव्यात माझं नाव आहे. वकिलानं पेन उचललं. "छान. कुठं आहे ते कडवं?" म्हटलं, कापलं. त्यानं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, यापुढं लिहाल ते आधी स्वतःला मेल करा, तारखेसह ठेवा, आणि गाणाऱ्याला पान द्यायच्या आधी दोन ओळींच्या कागदावर सही घ्या. "भाऊ असला तरी?" मी विचारलं. "भाऊ असला तर आधी घ्या," तो म्हणाला.

आता आपलं शेवटचं भांडण. कऱ्हाडच्या स्टँडासमोर, चहाच्या गाड्यावर. मी तुला म्हटलं, एक व्हिडिओ कर, दोन मिनिटांचा, आणि सांग गाणं कुणाचं. तू चिडलास. "हनमा, गानं चाललं कशानं? तुझ्या शब्दानं का माझ्या गळ्यानं?" खरं तर दोन्हीनं. मी एवढंच विचारलं, "म्हसवडला बैलाच्या मालकाला काय म्हनाला व्हतास?" तू कपाकडं बघत बसलास. मग हळू म्हणालास, "तवा बैलाचं गानं व्हतं रं."

आणि अर्धा चहा तसाच ठेवून उठलास. तुझ्या आयुष्यातलं सगळ्यात खरं वाक्य तू मला त्या दिवशी सांगितलंस. गाणं लहान होतं तोवर मी त्याचा कवी होतो. तू रस्ता ओलांडत होतास तेव्हा मी मनात म्हणालो, ह्याचा आवाज बसू दे. मोठ्यानं नाही, पण म्हणालो. अकरा दिवसांनी तुझ्या मेव्हण्याचा फोन आला, तू गेलास म्हणून. आवाज बसू दे म्हणालो होतो, इल्या. एवढंच म्हणालो होतो.

दहाव्याला मी आलो होतो. कृष्णेचा घाट, ऊन चढलेलं. पिंडाशेजारी तुझ्या आवडीचं सगळं मांडलेलं: वडे, पान, आणि सुनंदा वहिनींनी आठवणीनं कागदी कपात आल्याचा चहा. कावळे पत्र्यावर बसून होते, पण एक खाली येईना. तुझा भाऊ पुढं झाला. म्हणाला, पोरीचं शिक्षण मी बघतो. नाही आला. मेव्हणा म्हणाला, तुझी पेटी विकणार नाही. नाही आला. कुणी घराच्या स्लॅबचं बोललं, कुणी देवीच्या नवसाचं. कावळे ढिम्म. अकरा वाजून गेले, बाया कुजबुजायला लागल्या. मग एक एक करून सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

मेव्हणा आला. "हनमंतराव, तुमी बोला. गान्यात जीव अडाकला आसंल त्याचा." मी हललो नाही. मग वहिनी आल्या. त्यांना सगळं माहीत होतं, वकिलाचंसुद्धा. पदर सावरत म्हणाल्या, "भावजी, येवढं म्हना. गानं तुझंच हाय, माझा काय दावा न्हाई. त्यास्नी मोकळं करा."

पन्नास माणसं उभी होती. जे तू जिवंतपणी मागायला धजला नाहीस, ते तुझी बायको तुझ्या पिंडासमोर हात जोडून मागत होती. नाही म्हटलं तर मी मेलेल्या मित्राला अडवणारा माणूस. हो म्हटलं तर आई गेली, फलाट गेला, ट्रंक गेली, तेही पन्नास साक्षीदारांसमोर. वकिलाला यापेक्षा पक्का करार करता आला नसता.

मी पुढं गेलो. पिंडाजवळ उकिडवा बसलो. ओठ हलताना सगळ्यांना दिसले, पण काय बोललो ते ऐकू आलं नाही, नदीचा आवाज होता. मी म्हणालो नाही की गाणं तुझं आहे. मी तुला शेवटचं कडवं म्हणून दाखवलं. तुझ्याच चालीत, माझ्या फाटक्या गळ्यात. अक्षर कळंना तिला, तरी वळखी ती खूण. हणमंत तिचा लेक सांगे फलाटावरून. सगळं म्हटलं, नावासकट.

उठून चार पावलं मागं आलो नसेन, तोवर कावळा उतरला.

भुकेला असेल. ऊन डोक्यावर आलं होतं, वडे समोर होते. मी याच्या पुढं जात नाही. आई मात्र म्हणते, "त्याला त्येच आयकायचं आसंल." मी तिला म्हणालो, तेच ऐकायचं होतं तर जिवंत असताना कान कुठं गेले होते? तुझ्या वाटणीची भाकरी ती अजून करते आणि दुपारी स्वतः शिळी खाते, हेही तुला सांगून ठेवतो.

घाटावर लोकांनी माझ्या पाठीवर हात ठेवले. वहिनी पाया पडायला वाकल्या, मी मागं सरलो. "लई उपकार झालं भावजी," म्हणाल्या, आणि त्या क्षणी मला सांगता आलं नाही. आता रस्त्यात माणसं थांबवून म्हणतात, मन मोठं हाय तुझं, हणमंतराव. गाणं देऊन टाकलंस. तू माझं नाव एकदा कापलंस, आणि दुसऱ्यांदा ते माझ्याच गप्प बसण्यानं कापलं गेलं. म्हणून हे लिहितोय. तारीख घालून, स्वतःला मेल करून.

वर्षश्राद्धाचा फ्लेक्सही माझ्याकडंच येणार. काल सकाळी दुकान उघडल्यावर तुझी फाइल काढली. गिऱ्हाईक देईल ते छापायचं, हा नियम तुझ्यासाठी एकदा पाळला. आता नाही. "गीतकार" हा शब्द काढून टाकला. वहिनी विचारतील, भावजी, एक शब्द राहिला का? तेव्हा त्यांना बसवून, चहा देऊन, घाटावर काय म्हणालो ते सांगणार आहे. त्या रडतील, कदाचित पुन्हा कधी दुकानात येणार नाहीत. तरी सांगणार आहे.

शब्द काढल्यावर ओळ आखूड झाली आणि बरीच जागा मोकळी राहिली. तिथं तुझा फोटो जरा मोठा करून घेतला.